उपाधीआडचा वादक: चिक चॉकलेट आणि मुंबईच्या जॅझचा काळ

आदिलाबाद जिल्ह्यात फुंकून वाजवायच्या वाद्यांची परंपरा जुनी आहे. दिवाळीच्या दिवसांत गोंड वस्त्यांमधून दंडारी आणि गुसाडी नृत्यांचे मेळे निघतात तेव्हा ढोलाच्या जोडीला सनईच्या जातीचे पेपरे आणि तुतारीच्या वळणाचे कालिकोम वाजते. तर बेला, जैनथ यांसारख्या मराठी बोलणाऱ्या गावांमध्ये, तसेच १९५६ पर्यंत याच जिल्ह्यात असलेल्या किनवट आणि राजुरा या भागांत, लग्नाची वरात म्हटली की पितळी वाद्यांचे बँडपथक ठरलेले असते. या पथकांतील ट्रम्पेट पाश्चात्य असले, तरी त्यातून वाजणारी धून बहुतेक वेळा हिंदी चित्रपटातील असते आणि ती ऐकताना कोणालाही ती परकी वाटत नाही. लष्करी कवायतीचे हे वाद्य चित्रपटगीतात कोणत्या मार्गाने शिरले, आणि तेथे त्याला नाचरी, खट्याळ बोली कोणी शिकवली, याचा माग काढू लागल्यास वाट मुंबईच्या अपोलो बंदरावरील हॉटेलांपर्यंत आणि तेथून गोव्यातील हळदोणे या गावापर्यंत जाते. बार्देश तालुक्यातील या गावात १९१६ मध्ये अँतोनियो शावियेर वाझ यांचा जन्म झाला. पुढे 'चिक चॉकलेट' या रंगमंचीय नावाने आणि 'भारताचे लुई आर्मस्ट्राँग' या उपाधीने ते ओळखले गेले आणि मे १९६७ मध्ये, वयाच्या एकावन्नाव्या वर्षाच्या सुमारास, मुंबईत त्यांचे निधन झाले.

ज्या उपाधीने त्यांना प्रसिद्धी दिली त्याच उपाधीने त्यांचे खरे काम झाकून टाकले, असे त्यांच्या कारकिर्दीकडे पाहताना म्हणावे लागते. एखाद्याला कोणाची तरी भारतीय आवृत्ती ठरवले की मूळ कोण आणि नक्कल कोण याचा निवाडा आधीच होऊन जातो, आणि त्या माणसाने स्वतः काय केले हे पाहण्याची गरज उरत नाही. चिक चॉकलेट यांच्या बाबतीत हे विशेष घडले, कारण त्यांच्या वादनाचा मोठा भाग दुसऱ्यांच्या नावावर निघालेल्या गाण्यांमध्ये विखुरलेला आहे.

गोव्यातील त्या काळच्या संगीतशिक्षणाची पार्श्वभूमी येथे लक्षात घ्यावी लागते. पोर्तुगीज राजवटीत प्रत्येक मोठ्या चर्चला जोडून एक शाळा असे आणि तेथील संगीतशिक्षक, ज्याला कोकणीत मेस्त म्हणत, मुलांना प्रार्थनासंगीतासाठी तयार करीत असे. मुलांना आधी स्वरलिपी वाचायला, म्हणजे पाच रेघांवर मांडलेले स्वर नावानिशी गाऊन दाखवायला शिकवले जाई, आणि त्यानंतर व्हायोलिन किंवा एखादे फुंकवाद्य हाती दिले जाई. या शाळांचा हेतू धार्मिक होता. परंतु त्यांतून कागदावरचे पाश्चात्य संगीत पाहताक्षणी वाजवू शकणारा असा वादकवर्ग तयार झाला, जो त्या वेळी हिंदुस्थानात अन्यत्र फारसा कोठे नव्हता. गोव्यात शेती थोडी आणि नोकऱ्या त्याहून थोड्या असल्यामुळे हा वर्ग ब्रिटिश हिंदुस्थानात पांगला. संस्थानिकांचे बँड, रेल्वे वसाहतींतील नाचाचे दिवाणखाने, मूकपटांच्या पडद्यासमोरील वाद्यवृंद, मसुरीसारखी थंड हवेची ठिकाणे, कराची, कलकत्ता आणि रंगून अशा सर्व ठिकाणी गोमंतकीय वादक दिसू लागले. मुंबईत त्यांचा मुक्काम धोबीतलाव परिसरातील कूड या नावाच्या गाववार वसतिगृहांत असे. गावाहून नव्याने आलेल्या माणसाला तेथे स्वस्तात पथारी मिळे आणि कामाची पहिली बातमीही तेथेच कळे.

याच काळात मुंबईत जॅझ येऊन पोहोचले. जॅझ हे अमेरिकेच्या दक्षिणेकडील न्यू ऑर्लिन्स शहरात, विसाव्या शतकाच्या आरंभी, कृष्णवर्णीय समाजात आकाराला आलेले संगीत होय. लिहिलेली धून ही केवळ आधार मानून वादकाने तिच्यावर ऐन वेळी स्वतःची रचना करीत जाणे, आणि ठेक्याचा जोर अपेक्षित मात्रेवर न देता तिच्या आधी किंवा नंतर टाकून लयीला झोका देणे, ही त्याची दोन मुख्य लक्षणे आहेत. यांपैकी पहिले लक्षण रागसंगीताच्या श्रोत्याला अनोळखी वाटण्याचे कारण नाही. दुसऱ्याची सवय मात्र करून घ्यावी लागते. लुई आर्मस्ट्राँग (१९०१–१९७१) यांनी १९२० च्या दशकात या संगीताला एकट्या वादकाच्या प्रतिभेचे अधिष्ठान दिले आणि त्यांच्यामुळे ट्रम्पेट हे जॅझचे नायकवाद्य बनले.

१९३५ मध्ये व्हायोलिनवादक लिऑन अ‍ॅबी यांनी कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचे पथक मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आणले. त्यांच्या पाठोपाठ ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आले, आणि शिकागोत आर्मस्ट्राँग यांच्यासह एकाच वाद्यवृंदात वाजवलेले व नंतर शांघायमध्ये बराच काळ काढलेले पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. मायदेशी वर्णभेद आणि मंदी यांनी गांजलेल्या या वादकांना आशियातील मोठ्या हॉटेलांत पैसा आणि मानही मिळत होता. वेदरफोर्ड यांचा १९४५ मध्ये कलकत्त्यात पटकीने मृत्यू झाला. परंतु तोपर्यंत या मंडळींच्या शेजारच्या खुर्चीत बसून फ्रँक फर्नांड यांच्यासारखी तरुण गोमंतकीय पिढी तयार झाली होती. स्वरलिपी वाचण्यात ती आधीपासून तरबेज होती, पण कागदावर जे लिहिता येत नाही, म्हणजे स्वर कोठे चिरडायचा, कोठे लांबवायचा आणि लयीच्या मागे किती रेंगाळायचे, ते सारे तिने कानाने उचलले.

चिक चॉकलेट याच पिढीचे. त्यांच्यासमोर आदर्श होता तो आर्मस्ट्राँग यांचा, आणि तो मुख्यतः ध्वनिमुद्रिकांमधून. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे वाजणारी लाखेची तबकडी पुन्हा पुन्हा लावून तिच्यातील ट्रम्पेटचा प्रत्येक वळसा पाठ करणे हा त्या काळच्या वादकांचा रियाजच होता. या वाद्याची घडण पाहिली म्हणजे त्यातील कष्ट कळतात. ट्रम्पेटला तीनच कळा असतात आणि त्यांच्या उघडझापीतून केवळ आठ जुळण्या होतात. बाकीचे सारे स्वर ओठांचा ताण आणि श्वासाचा दाब बदलून काढावे लागतात. त्यामुळे एकाच कळीवर पाच-सहा निरनिराळे स्वर येतात आणि चुकीचा स्वर लागला तर बोट दाखवायला वाद्यावर जागा नसते. त्यातच म्यूट, म्हणजे वाद्याच्या कर्ण्यात बसवायचे बूच, लावले की तोच स्वर नाकातून बोलल्यासारखा, दुरून आल्यासारखा किंवा कुरकुरल्यासारखा होतो. चिक यांनी आर्मस्ट्राँग यांचे वादनच नव्हे, तर त्यांचा घोगरा गाता आवाज आणि हातातील पांढरा रुमालही उचलला. हॉटेलातील पाहुण्यांना हे फार आवडे. पारशी सॅक्सोफोनवादक कावसजी खटाव यांनी 'रूडी कॉटन' हे नाव घ्यावे आणि अँतोनियो वाझ यांनी चिक चॉकलेट व्हावे, हा त्या धंद्याचा रिवाज होता. नृत्याच्या दिवाणखान्यात परदेशी वाटणे हा कामाचाच एक भाग होता.

१९४० च्या दशकाच्या मध्यास चिक यांनी ताजच्या शेजारच्या ग्रीन्स हॉटेलात स्वतःचे पथक उभे केले आणि पुढे 'चिक अँड द म्युझिक मेकर्स' या अकरा जणांच्या पथकासह ते ताजमध्येही वाजवू लागले. ताजमध्ये १९३९ पासून मिकी कोरिया यांच्या पथकाचे बस्तान होते. १४ ऑगस्ट १९४७ च्या रात्री ताजमध्ये स्वातंत्र्याचा जो सोहळा झाला त्यात या दोघांच्या पथकांनी वादन केले. त्या रात्रीचा एक विरोधाभास असा की वाजवणाऱ्यांपैकी कित्येकांचे गाव ज्या गोव्यात होते तो गोवा मुक्त व्हायला अजून चौदा वर्षे अवकाश होता.

स्वातंत्र्यानंतर या व्यवसायाचा पाया झपाट्याने खचला. ब्रिटिश अधिकारी गेले, अँग्लो-इंडियन कुटुंबे परदेशी निघाली, संस्थाने विलीन झाली आणि १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने हॉटेलांच्या रात्रींवर पाणी फिरवले. चर्चगेट परिसरातील उपाहारगृहांत जॅझ पुढेही बरीच वर्षे टिकले, हे खरे. तथापि मोठ्या पथकांना पोसणारा पैसा आता दादर, परळ आणि अंधेरीच्या चित्रपट स्टुडिओंत होता आणि वादकांची पावले आपसूक तिकडे वळली.

चित्रपटाच्या संगीतकक्षात काम कसे चाले, हे समजून घेतल्याखेरीज या वादकांच्या वाट्याचे मोल ठरवता येत नाही. संगीतकार पेटीवर चाल बांधी आणि ती सरगमात टिपून घेई. त्यानंतर अरेंजर, म्हणजे वाद्ययोजनाकार, त्या चालीसाठी प्रत्येक वाद्याचा स्वतंत्र भाग पाश्चात्य स्वरलिपीत लिहून काढी. कडव्यांमधल्या जागा कोणत्या वाद्यांनी भरायच्या, ब्रास सेक्शन, म्हणजे ट्रम्पेट-ट्रॉम्बोनसारख्या पितळी वाद्यांचा गट, कोठे घुसवायचा आणि कोठे गप्प ठेवायचा, हे बहुधा तोच सुचवी. मुद्रण एकदोन मायक्रोफोनवर आणि एका दमात होई. ट्रम्पेटचा आवाज मोठा असल्यामुळे वादकाला मागे उभे राहावे लागे, आणि त्याचा एक स्वर फसला तर गायकापासून सर्वांना गाणे पहिल्यापासून घ्यावे लागे. एवढे करून ध्वनिमुद्रिकेवर नाव येई ते गायकाचे, संगीतकाराचे आणि चित्रपटाचे. गायकांनाही हे सहज मिळालेले नव्हते. 'महल' (१९४९) मधील लता मंगेशकरांच्या प्रसिद्ध गाण्याच्या तबकडीवर आरंभी चित्रपटातील पात्राचे, 'कामिनी'चे, नाव छापलेले होते. जेथे लताबाईंची ही गत, तेथे मागे उभ्या ट्रम्पेटवाल्याचे नाव कोण छापणार?

या कक्षात चिक चॉकलेट यांची गाठ पडली ती सी. रामचंद्र यांच्याशी. रामचंद्र नरहर चितळकर (१९१८–१९८२) हे नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे, विनायकबुवा पटवर्धनांच्या तालमीत बसलेले, भावगीताचा गोडवा अंगी मुरलेले मराठी संगीतकार होते. आणि त्याच वेळी अमेरिकन नृत्यसंगीताचे त्यांना विलक्षण आकर्षण होते. 'शहनाई' (१९४७) मध्ये त्यांनी ते आकर्षण दाखवून दिले होते, आणि 'समाधी' (१९५०) मधील 'गोरे गोरे' या गाण्याच्या चालीवर तर १९४५ च्या एका अमेरिकन चित्रपटगीताची सरळ छाया आहे. चिक त्यांचे साहाय्यक झाले आणि भगवान यांच्या 'अलबेला' (१९५१) मध्ये या सहकार्याचा कळस दिसला. बोंगो या लहान जोडढोलांचा खणखणीत ठेका, त्यावर माराकास या खुळखुळ्यांची सळसळ आणि गाण्याच्या ओळी संपतात तेथे ट्रम्पेट-सॅक्सोफोनचे झपाट्याने येऊन जाणारे तुकडे, हा साज हिंदी गाण्याला नवा होता. चिक आणि त्यांचे पथक या चित्रपटात पडद्यावरही झळकले, झालरीच्या बाह्यांचे क्यूबन पद्धतीचे सदरे घालून.

या यशाचे वाटप कसे करावे, यावर मतभेद होऊ शकतात. जॅझच्या काही चाहत्यांना सी. रामचंद्रांच्या पाश्चात्य वळणाचे सारे श्रेय चिक आणि त्यांच्या गोमंतकीय सहकाऱ्यांना द्यावेसे वाटते. याउलट मराठी लेखनात बहुधा संगीतकारालाच संपूर्ण श्रेय देण्याची रीत आहे. दोन्ही बाजू एकांगी वाटतात. 'अलबेला'च्या चाली गुणगुणून पाहिल्या तर त्यांतील बहुतेक कोणत्याही वाद्याशिवाय उभ्या राहतात, आणि त्यांची ठेवण चितळकरांचीच आहे. मात्र त्या चालींची चाल, म्हणजे त्या कशा पावले टाकतात, कोठे थबकतात आणि कोठे उसळतात, ही वाद्ययोजनेची करामत आहे, आणि तेथे हॉटेलांच्या नृत्यमंचावर वर्षानुवर्षे लोकांचे पाय हलवून दाखवलेल्या माणसाचा हात ओळखू येतो.

ही गाणी आदिलाबादसारख्या मुंबईपासून दूरच्या जिल्ह्यात पोहोचली ती फिरत्या तंबूतील चित्रपटांमुळे आणि पुढे रेडिओमुळे. १९५२ मध्ये केंद्रात नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे रागसंगीताचे कैवारी होते आणि त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि श्रोत्यांनी सुया तिकडे फिरवल्या. अखेर १९५७ मध्ये सरकारलाच विविध भारती काढावी लागली. एका मराठी मंत्र्याने ज्या संगीतावर दार लावले, त्यातील बरेचसे एका मराठी संगीतकाराने घडवलेले होते, ही गोष्ट नोंदण्याजोगी आहे. रेडिओवरून आलेल्या चाली गावोगावच्या बँडपथकांनी कानाने उचलल्या. तबकडीवरून आर्मस्ट्राँग शिकण्याची मुंबईकर गोमंतकीयांची जी रीत होती, तीच येथे पुन्हा चालली, आणि त्या पथकांतील कोणालाही आपण कोणाचे ट्रम्पेट उचलतो आहोत हे कळण्याचा मार्ग नव्हता.

चिक यांचे स्वतःचे म्हणता येईल असे काम मात्र वेगळ्याच वाटेने जाते. 'नादान' (१९५१), 'रंगीली' (१९५२) आणि 'कर भला' (१९५६) या चित्रपटांवर संगीतकार म्हणून त्यांचे नाव आहे. यांपैकी देव आनंद आणि मधुबाला यांच्या 'नादान'मधील 'आ तेरी तस्वीर बना लूँ' हे तलत महमूद यांचे गाणे आजही जुन्या गाण्यांच्या रसिकांना पाठ असते. ते 'अलबेला'च्याच वर्षातील आहे. त्यात ना ट्रम्पेटची आतषबाजी आहे, ना नाचाचा ठेका. तलत यांच्या कापऱ्या, मृदू आवाजाला जपत चाललेली ती एक संथ, गझलच्या अंगाची रचना आहे. हे गाणे ऐकवून संगीतकार ओळखायला सांगितले, तर दहा नावे घेतल्यानंतरही चिक चॉकलेट हे नाव कोणाच्या तोंडी येणार नाही. दिवाणखान्यात रुमाल फडकावून घोगऱ्या आवाजात गाणारा माणूस आणि ही चाल बांधणारा माणूस एकच होता, ही बाब 'भारताचे लुई आर्मस्ट्राँग' या शब्दांत मावत नाही. दुर्दैवाने संगीतकार म्हणून त्यांचा जम बसला नाही, आणि ते पुन्हा वाद्यवृंदाकडे परतले.

त्यांच्या वादनाचा सर्वांत स्पष्ट पुरावा शेवटच्या काळातील आहे. चेतन आनंद यांच्या 'आखरी खत' (१९६६) या कृष्णधवल चित्रपटात, ज्यातून राजेश खन्ना प्रथम पडद्यावर आले, नाइटक्लबमधील एक प्रसंग आहे. खय्याम यांच्या संगीतातील 'रुत जवाँ जवाँ' हे गाणे तेथे तरुण भूपिंदर सिंग स्वतः पडद्यावर गिटार घेऊन गातात, आणि त्यांच्या सोबतीला ट्रम्पेट आहे ते चिक चॉकलेट यांचे. एरवी वाद्यवृंद ही सजावट मानणारा हिंदी चित्रपटाचा कॅमेरा येथे त्यांच्या जवळ जातो. गायकाची ओळ संपते न संपते तोच ट्रम्पेट तिला उत्तर देते, फार नाही, चारसहा स्वरांचे, आणि पुढची ओळ यायच्या आत बाजूला होते. गायकाचा सवाल आणि वाद्याचा जवाब ही जॅझची जुनी रीत आहे. पण तमाशाच्या फडातील सवालजवाब किंवा कीर्तनकार आणि टाळकरी यांची देवाणघेवाण ऐकलेल्या मराठी कानाला ती निराळी समजावून द्यावी लागत नाही. येथे चिक कोणाची नक्कल करीत नाहीत. आवाज उंचावत नाहीत, कसब दाखवत नाहीत. गाण्यात जेवढी जागा आहे तेवढीच घेतात. हा चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर वर्षभराच्या आसपास ते गेले. ज्यांचे ते प्रतिरूप मानले जात ते आर्मस्ट्राँग त्यांच्यानंतर चार वर्षे जगले.

त्यांच्यामागे बराच काळ शांतता होती. १९७८ मध्ये मुंबईत 'जॅझ यात्रा' हा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला, तेव्हा हॉटेलांतील पथकांची पिढी निवृत्त होत आली होती. चित्रपट स्टुडिओंतील वादकांच्या मुलाखती घेऊन त्यांचे जग उभे करणारे ग्रेगरी बूथ यांचे पुस्तक २००८ मध्ये आले. त्यापूर्वी २००५ मध्ये बूथ यांनीच वरातीतील बँडपथकांवरही स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. नरेश फर्नांडिस यांच्या 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' (२०१२) या पुस्तकाने मुंबईच्या जॅझयुगाचा इतिहास प्रथमच सलगपणे मांडला आणि चिक यांना त्यात मानाचे स्थान दिले. दुसरे गोमंतकीय ट्रम्पेटवादक ख्रिस पेरी आणि गायिका लॉर्ना यांच्या कहाणीवर बेतलेल्या 'नाचुंया कुंपासार' या कोकणी चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि त्यामुळे या साऱ्या पिढीविषयी पुन्हा कुतूहल निर्माण झाले.

वरील तिन्ही पुस्तके इंग्रजीत आहेत. मराठीत सी. रामचंद्र यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यांचे 'माझ्या जीवनाची सरगम' हे आत्मचरित्रही वाचकांना ठाऊक आहे. चिक चॉकलेट यांचा उल्लेख मात्र या प्रवाहात, झालाच तर, एखाद्या ओळीत उरकला जातो. 'नादान' आणि 'अलबेला' ही दोन्ही कामे एकाच वर्षातील आहेत, ती आजही ऐकायला मिळतात आणि एकामागोमाग एक ऐकल्यास या माणसाचा आवाका स्वतंत्रपणे जोखता येतो. हिंदी चित्रपटसंगीताचा इतिहास यापुढे जो कोणी मराठीत लिहील, त्याने चितळकरांच्या प्रकरणात अँतोनियो शावियेर वाझ यांच्यासाठी निदान काही पाने राखून ठेवावीत.